रेसची जुनी गाडी आणि खारा वारा

फोक्सवॅगनने 2017 साली एमिओ कप या शर्यतमालिकेसाठी बनवलेल्या रेसगाड्यांना 1.8 लिटरचं, 205 पीएसचं इंजिन होतं. अशी जुनी गाडी घेऊन कुणी अलिबागच्या वाडीत ठेवणार असेल, तर रंगाच्या चकाकीला भुलू नये. आधी रोलकेज, म्हणजे गाडीच्या आतला नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा, पाहावा. नळी पत्र्याला वेल्ड केलीय तिथे रंग फुगलाय का, नखाने खरवडून बघा. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज आतून चरत जातो. किलोमीटरच्या आकड्याला इथे फार अर्थ नाही. इंजिन, गिअरबॉक्स किती तास पळाले, शेवटचे कधी उघडले, ते लॉगबुकात शोधा. सीटबेल्ट कोरे दिसले तरी लेबलावरची मुदत वाचाच. आणि हो, ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकपर्यंत ट्रेलरचं भाडंही हिशोबात धरा.