स्फुरद शेतात ठेवा, तळ्यात नको



मृग जवळ आला की रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात खताचीच बोलणी सुरू होतात. किती पोती घेतली, काय भावाने घेतली. त्यातले किती तळ्यात जाते, हे मात्र कोणी विचारत नाही.

हैदराबादचा हुसेनसागर तलाव १५६२ च्या सुमारास बांधला. एकेकाळी शहर त्याचे पाणी पीत असे. पुढे त्यात सांडपाणी शिरले, पाणी हिरवे पडले, दुर्गंधी सुटली, मासे मेले. सांडपाण्यात स्फुरद असते आणि शेवाळ त्यावरच माजते. तिथे दोष मुख्यतः नाल्यांचा, म्हणजे बोट तरी दाखवता येते. शेतातले स्फुरद मात्र शंभर वाटांनी जाते. एकट्यादुकट्याला दोष देता येत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

डी.ए.पी.च्या ५० किलोच्या पोत्यात निव्वळ स्फुरद सुमारे १० किलो असते. (पोत्यावरचे ४६ टक्के हे ऑक्साइडच्या हिशेबाने असतात.) त्यातले एकच किलो तळ्यात गेले, तर वाळल्या वजनाचे १०० किलोच्या आसपास शेवाळ पोसू शकते. हे शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. ते पाणी पिऊन गुरे दगावतात, आणि उकळल्यानेही ते विष जात नाही. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली की गुरे व मुले त्यापासून दूर ठेवावीत.

नत्र पाण्यात विरघळून जाते. स्फुरद तसे नाही, ते मातीच्या कणाला घट्ट धरून बसते. माती वाहिली की तेही वाहिले. म्हणून माती धरणे हाच खरा उपाय.

हैदराबादजवळ पटणचेरू येथे इक्रिसॅट संस्थेच्या काळ्या रानात १९७६ पासून हे पाहिले गेले. ते रान आपल्या मराठवाड्यासारखेच. जुन्या पद्धतीच्या शेतातून वर्षाला हेक्टरी ६ टनांहून अधिक माती गेली. रुंद वरंबे, मधे किंचित उताराच्या सऱ्या आणि पाणी निघायला गवताची वाट केली, तिथे सुमारे दीड टनच गेली. पीकही कितीतरी पटींनी जास्त आले, हे विशेष!

रुंद वरंबे सर्वांना जमतीलच असे नाही. पण खत वरून फेकू नका. पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली पडू द्या. वर पडलेले खत पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यात जाते. नांगरट उताराला आडवी करा. ओढ्याच्या काठची चार-पाच हात पट्टी न नांगरता गवताला सोडा, वैरणही होईल. उकिरडा ओढ्यापासून लांब हलवा, शेणातही स्फुरद असते.

आणि पोते घेण्याआधी माती तपासून घ्या. दरवर्षी खत घातलेल्या रानात स्फुरद आधीच साठलेले असू शकते. तिथे एखादे पोते कमी घेतले तरी पीक उतरत नाही.