मूळ गीत आणि त्याचे पडसाद

एकानें रचून गाइलेलें गीत दुसऱ्यानें गाइलें म्हणजे त्या गीताची वृद्धि होते, कीं पहिल्या गायकाची हानि होते? या प्रश्नाचें एकच उत्तर देतां येत नाहीं. अमेरिकेंतील एका प्रेमगीताचा सुमारें सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला असतां दोन्ही उत्तरें कशीं खरीं ठरतात, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शहरांतून ‘डू-वॉप’ नांवाची गायनपद्धति लोकप्रिय झाली. कृष्णवर्णीय तरुण चौघां-पांचांचे मेळ करून रस्त्याच्या कोपऱ्यावर गात. वाद्यें विकत घेण्याची ऐपत बहुतेकांस नसे. एकानें शब्द गावे आणि इतरांनीं अर्थहीन अक्षरांचा स्वरमेळ धरून वाद्यांची उणीव भरून काढावी, अशी रीत असे. या पद्धतीचें नांवही तशाच अक्षरांवरून पडलें आहे. आपल्या सामगायनांत ज्यांस स्तोभ म्हणतात, त्यांच्याच जातीचीं हीं अक्षरें होत. त्यांना अर्थ नाहीं. परंतु तीं गाळलीं तर गायनाचा आधारच नाहींसा होतो.

कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन या गांवीं ‘फाइव्ह सॅटिन्स’ नांवाचा असा एक मेळ होता. त्याचा प्रमुख फ्रेड पॅरिस हा सैन्यांत नोकरीस असून फिलाडेल्फिया येथें होता. तेथें रात्रीच्या पहाऱ्यावर असतांना प्रियेच्या आठवणीनें त्यानें एक गीत रचिलें. ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’, म्हणजे रात्रीच्या नीरव समयीं, हें त्याचें नांव. याच नांवाचें कोल पोर्टर यांचें एक गीत १९३७ पासून प्रसिद्ध होतें. तेव्हां घोटाळा टाळण्यासाठीं तबकडीवर ‘नाइट’ या शब्दाचें वर्णलेखन मुद्दाम अशुद्ध छापण्यांत आलें.

फेब्रुवारी १९५६ मध्यें सेंट बर्नाडेट या चर्चच्या तळघरांत त्याचें ध्वनिमुद्रण झालें. सॅक्सोफोन वाजविणारे विनी मॅझेटा हे त्या चर्चच्या परिवारांतले. भारी यंत्रसामग्री नव्हती. पण त्या साधेपणांतूनच गीतास एक घुमारा लाभला, आणि तोच पुढें त्याची ओळख ठरला. तबकडीच्या मुख्य बाजूवर दुसरेंच गीत होतें. हें मागील बाजूवर होतें. तथापि श्रोत्यांनीं तबकडी उलटून हेंच पसंत केलें. ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या मुख्य यादींत तें चोविसाव्या, आणि ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलें.

या यशाच्या वेळीं रचनाकार मात्र तेथें नव्हता. सैन्यानें त्याची रवानगी जपानला केली होती. १९५७ सालीं त्याच्याच मेळाचें ‘टु दि आइल’ हें गीत गाजलें, तेव्हां प्रमुख आवाज बिल बेकर यांचा होता. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणास हें किती लागलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां पुनर्गायनाकडे वळूं. १९५४ सालीं ‘कॉर्ड्स’ या कृष्णवर्णीय मेळाचें ‘श-बूम’ हें गीत बाजारांत आलें. लागलींच ‘क्रू-कट्स’ या गौरवर्णीय मेळानें तेंच गाऊन यादींत पहिला क्रमांक मिळविला, आणि मूळ गायक मागें पडले. पुनर्गायनाचा मोबदला रचनेच्या हक्कदारास मिळतो. पहिल्या आवाजास त्यांतून कांहीं मिळत नाहीं. वर्णभेदाच्या त्या काळांत असे प्रकार वारंवार घडत. हें पुनर्गायन मुळाला झांकणारें होय.

पॅरिसच्या गीताचें भाग्य निराळें. त्याचीं गाजलेलीं पुनर्गायनें पुष्कळ वर्षांनीं आलीं. १९७६ सालीं ‘बीच बॉइज’नीं तें गाइलें. १९८५ सालीं रॉनी मिलसॅप यांनीं त्याचें ध्रुवपद एका नव्या गीतांत गुंफलें, आणि तें गीत ग्रामीण संगीताच्या यादींत पहिलें आलें. १९९२ सालीं ‘बॉईज टू मेन’ या तरुण मेळानें तें वाद्यांवांचून गाइलें. तें मुख्य यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत, म्हणजे मुळापेक्षां पुष्कळच वर गेलें. इतकें होऊनही मूळ आवाज लोपला नाहीं. ‘डर्टी डान्सिंग’ (१९८७) आणि ‘दि आयरिशमन’ (२०१९) या चित्रपटांत मूळ मुद्रणच वाजतें.

जानेवारी २०२२ मध्यें पॅरिस यांचें वयाच्या ८५ व्या वर्षीं निधन झालें. जें पुनर्गायन मूळ नवें असतांनाच त्याची जागा बळकावतें, तें ऋण घेऊन नाकारणाऱ्यासारखें होय. जें कालांतरानें येऊन श्रोत्यास मुळाकडे नेतें, तें ऋण फेडणारें होय. नवें गीत कानीं आलें आणि तें जुन्याचें पुनर्गायन आहे असें कळलें, तर पहिलें कोणीं गाइलें एवढें घरांतील मुलांनीं अवश्य विचारावें. तेवढ्या एका प्रश्नानें त्या पहिल्या गायकाचें नांव जिवंत राहतें.