मिनिटे लांबतात, वर्षे पळतात

रमजानमध्ये दिवसभराच्या कामात असर कधी झाली ते कळत नाही. पण दस्तरखान अंथरला, खजुरा समोर आल्या, की मगरिबच्या अजानपूर्वीची पाच मिनिटे संपता संपत नाहीत. घड्याळ तेच असते. मग बदलते काय?

बदलते ते आपले लक्ष. कामात गुंतलेल्या मनाला वेळेकडे पाहायला सवड नसते. वाट पाहणारे मन मात्र वेळेवरच पहारा देत बसते, आणि वेळेकडे जितके लक्ष जास्त, तितकी ती लांबते. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या घरच्यांना किंवा तापाने रात्रभर तळमळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

भीतीच्या क्षणीही वेळ थांबल्यासारखी वाटते. अपघातातून बचावलेली माणसे म्हणतात, "सगळे अगदी सावकाश घडत होते." आल्प्स पर्वतात कोसळून वाचलेल्यांचे असे अनुभव स्वित्झर्लंडचे भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. ते स्वतःही एकदा असेच कोसळले होते.

अशा वेळी मेंदू खरेच जलद चालतो का? अमेरिकेतील डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. त्यांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांना सुमारे ३१ मीटर उंचीवरून खाली बांधलेल्या जाळ्यात सोडण्यात आले. मनगटावरच्या यंत्रात आकडे इतक्या झपाट्याने बदलत होते, की एरवी ते वाचता येत नसत. वेळ खरोखर मंदावली असती, तर पडताना ते वाचता आले असते. तसे झाले नाही. तरीही इतरांच्या पडण्यापेक्षा स्वतःचे पडणे त्यांना सरासरी ३६ टक्के लांब वाटले. संशोधकांच्या मते, भीतीच्या क्षणी आठवणी दाट साठतात. म्हणून मागे वळून पाहताना तो क्षण लांबलेला दिसतो.

आता आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहू. तेच म्हणतात, "दिवस जात नाही," आणि तेच म्हणतात, "वर्ष कसे गेले कळले नाही." दोन्ही खरे आहे. रिकामा दिवस सरताना लांब वाटतो. पण लक्षात राहावे असे त्यात काही घडत नाही, म्हणून आठवणीत तो उरत नाही. लहान मुलाला रोज काहीतरी नवे दिसते, त्यामुळे त्याचे वर्ष भरलेले असते.

कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आखाती देशांत नोकरीला आहेत. ड्युटीच्या धावपळीत मुलाचा दिवस भुर्रकन उडतो. "संध्याकाळी फोन करतो" हे त्याच्यासाठी तीन शब्द असतात. अम्मीसाठी ती अख्खी दुपार असते. फोन राहून गेला तर त्याची पाच मिनिटे वाचतात, तिची मात्र रात्र लांबते.

म्हणून घरात एवढे तरी करू या. फोनची वेळ सांगितली तर ती पाळू. उशीर होणार असेल तर आधी कळवू. आजाऱ्याला "येतो" न म्हणता "अर्ध्या तासात येतो" असे सांगू. आणि आठवड्यातून एकदा अब्बांना नातवंडांसोबत बाजारात, एखाद्या नातेवाइकाकडे, निदान जुन्या दोस्ताच्या दारापर्यंत घेऊन जाऊ. त्यांचा तो दिवस लवकर सरेल आणि आठवणीत बराच काळ राहील.