रायफल जुनी, दस्ता नवा

१९७० च्या दशकात घडलेली आन्शुट्झ १४११ आजही इंग्लंडमधल्या नेमबाजी क्लबांत हातोहात फिरते. पहिला मालक वय झालं म्हणून खेळ सोडतो, दुसऱ्याला नवं मॉडेल खुणावतं आणि तिसरा तिला घरामागच्या शेडमध्ये नेऊन शिकंज्यात धरतो. हा लेख त्या तिसऱ्याच्या उद्योगाविषयी आहे.

आन्शुट्झ हे घराणं मूळचं जर्मनीतल्या थुरिंगियाचं. १८५६ मध्ये मेलिस गावात सुरू झालेला हा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून उठला आणि १९५० मध्ये उल्म शहरात नव्याने उभा राहिला. चार वर्षांत त्यांनी पॉइंट टूटू काडतुसासाठी 'मॅच ५४' नावाची बोल्ट यंत्रणा काढली. नावातला आकडा सालाचा आहे. पुढची कित्येक दशकं ऑलिंपिकच्या रेंजवर या यंत्रणेचा दबदबा होता.

इंग्लंडमध्ये तिला तयार गिऱ्हाईक होतं. बोअर युद्धाने ब्रिटिश सैनिकांच्या नेमाची लाज काढली होती. त्या धक्क्यातून १९०१ मध्ये 'सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज' स्थापन झाली आणि कामगारवस्त्यांतून पंचवीस यार्डांच्या बंदिस्त रेंज निघाल्या. दिवसभर लेथवर किंवा सुतारकामात राबणारी माणसं संध्याकाळी तिथे पालथी पडून नेम धरायची. अशा हातांत रायफल पडली की ती कारखान्यातून आली तशी थोडीच राहणार?

आता हौशी माणसाला पहिला मोह होतो तो नळी बदलण्याचा. तो बहुधा चुकीचा असतो. पॉइंट टूटूची गोळी शिशाची, वजन अवघं अडीच ग्रॅम, वेग ध्वनीपेक्षा थोडा कमी. एवढ्याशा गोळीने नळी फार सावकाश झिजते. जुन्या नळीचं नुकसान अनेकदा गोळ्यांपेक्षा सफाईच्या गजानेच जास्त केलेलं असतं: घाईने ढोसलेला गज तोंडाची कड खराब करतो. कड शाबूत असेल तर पन्नास वर्षांची नळीही तिच्या मालकापेक्षा सरळ मारते. तिला न रुचणाऱ्या काडतुसांमुळेही गोळ्या विखुरतात. त्यासाठी वेगवेगळ्या बॅचची काडतुसं आणून कागदावर गट पाहायचे. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

खरी गोम दस्त्यात असते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पुढची माशी आणि मागचं छिद्र यांत साधारण ८० सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर तिथली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक लक्ष्यावर सहा मिलिमीटरहून मोठी होते. म्हणजे डोळा दर गोळीला त्याच जागी यायला हवा. डोळा गालावर अवलंबून, गाल दस्त्यावर आणि दस्ता मात्र उल्ममधल्या कुणा सरासरी माणसाच्या मापाचा. लांब मानेचा माणूस मग डोकं वाकवून नेम धरतो आणि विसाव्या गोळीला त्याची मान भरून येते.

म्हणून करवत निघते. बऱ्याच जुन्या दस्त्यांत गालाची जागा लाकडातच घडवलेली, न हलणारी. ती बारीक दातांच्या करवतीने अलगद कापायची, खाली दोन भोकं पाडून स्टीलच्या दांड्या बसवायच्या आणि तोच तुकडा वरखाली सरकेल असा परत चढवायचा. भोकं समांतर पडली नाहीत तर तुकडा अडकतो, त्यामुळे हे काम उभ्या ड्रिल मशीनवरच करावं. मग मूठ. तिच्यावर लांबीचा थर चढवायचा, ओला असतानाच पकडायचा, वाळला की कानस आणि पॉलिशपेपर. बोट चापावर सरळ मागे यावं एवढंच बघायचं, पण त्या एवढ्याशासाठी आठवडे जातात. खांद्याकडची बट प्लेट वर, खाली, तिरकी फिरेल अशी बसवली की शरीराचं माप पूर्ण झालं.

त्यानंतर बेडिंग, या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं आणि धातूवरचा त्याचा दाब बदलत राहतो. यंत्रणा बसते तिथलं थोडं लाकूड पटाशीने काढायचं, स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या रोवायच्या, एपॉक्सी ओतायचं आणि त्यात यंत्रणा टेकवायची. दंतवैद्य कवळीसाठी ठसा घेतो तसंच हे. धातूला आधी मेण चोपडायचं विसरलात तर रायफल आणि दस्ता यांचं लग्न कायमचं. नळी मात्र पुढे कुठेही लाकडाला टेकता कामा नये. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे.

चापाच्या अंतर्भागाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. बाहेरून फिरवायचे स्क्रू दिले आहेत, तेवढ्यावर भागवावं. आत कानस चालवणाऱ्याची रायफल कधी आपणहून सुटेल याचा नेम नाही. ब्रिटिश कायद्याचीही रेघ साधारण याच बाजूने जाते: नळी आणि बोल्ट परवान्याच्या कक्षेत येतात, लाकडी दस्ता येत नाही. म्हणूनच शेडमधल्या माणसाला लाकडावर मनसोक्त हात चालवता येतो.

आपल्याकडे हा खेळ कोल्हापूरला चांगला ठाऊक आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. पुरुषांची प्रोन मात्र रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली, त्यामुळे खास पालथं पडून मारण्यासाठी बनलेल्या जुन्या रायफली आणखी स्वस्त झाल्या असाव्यात, असा माझा आपला तर्क.

आता ॲल्युमिनियमचे दस्ते मिळतात, प्रत्येक सांध्याला स्क्रू आणि मोजपट्टी. त्यांच्यापुढे लाकूड टिकतं का? सोयीत नाही. पण तयार दस्त्याला खूप पैसे लागतात आणि दुसऱ्याने आखलेल्या मर्यादेतच तो हलतो. अक्रोडाच्या जुन्या दस्त्याला कानस लावणाऱ्याला आपल्या मानेची लांबी, हाताचा पंजा, खांद्याचा उतार स्वतः मोजावा लागतो. थोडं लाकूड काढायचं, क्लबात जाऊन दहा गोळ्या मारायच्या, पुन्हा थोडं काढायचं. जास्त निघालंच तर लांबीचा डबा फळीवर असतोच.