माशाची कातडी हीच त्याची जीभ

पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून भातखाचरांत चढतात, हे बेटेगाव-बोईसरकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण एवढ्या गढूळ पाण्यात मागूर-शिंगाळ्याला भक्ष्य सापडते कसे?

आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या काही हजार कळ्या असतात. मिशाळ माशांना त्या मिशांवर तर असतातच, शिवाय शेपटीपर्यंत साऱ्या कातडीवर असतात. काही जातींत त्यांची संख्या लाखावर जाते. भक्ष्य अंगाला लागले की त्याची चव कळते.

रोहू-कटल्याच्या कुळात आणखी एक सोय आहे. एखाद्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते. त्याचा वास येताच सोबतचे मासे सावध होतात. शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली युरोपातील अशाच माशांवर हे दाखवले.

इतक्या नाजूक अंगाला विषारी पाणी कसे सोसावे? तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली; २०२२ साली निकाल लागला. आपल्या हातचे मात्र आपणच सांभाळावे. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिशय घातक आहेत. मोरचूद थोडे जरी पाण्यात उतरले तरी माशाची वासाची जाणीव मंदावते.

म्हणून फवारणीचा पंप ओढ्यावर धुऊ नका. पावसाचे चिन्ह दिसताच फवारणी थांबवा. फवारलेल्या खाचराचे पाणी लगेच सोडू नका. रिकामे डबे पाण्यात टाकू नका. ओढा स्वच्छ राहिला, तरच पुढच्या मृगात वलगण चढेल.