ही खूण नेमकी कोणाच्या फाईलमधली?

मिनी ड्राफ्टर आणि ड्रॉईंग शीट घेऊन बसणाऱ्या पिढीकडे दोन साधनं हमखास असायची. एक म्हणजे प्लॅस्टिकचा टेम्प्लेट. दार, वॉश बेसिन, व्हॉल्व्ह, जी खूण हवी तिच्या खाचेतून पेन्सिल फिरवली की काम झालं. दुसरं म्हणजे ट्रेसिंग पेपर. इमारतीचा मूळ प्लॅन खाली ठेवायचा, वर ट्रेसिंग पसरायचं आणि फक्त वायरिंग किंवा फक्त पाईपलाईन काढायची. ऑटोकॅडमध्ये ही दोन्ही साधनं आहेत. टेम्प्लेटच्या जागी ब्लॉक, ट्रेसिंगखालच्या प्लॅनच्या जागी एक्सटर्नल रेफरन्स, म्हणजे आपला एक्सरेफ. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी थोडा इतिहास. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम आपल्या पीएच.डी.साठी सादर केला. त्यात एक 'मास्टर' आकृती काढायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती चित्रात ठेवायच्या अशी सोय होती. मास्टर बदलला की सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ च्या डिसेंबरात, म्हणजे तब्बल १९ वर्षांनी. ब्लॉकमागची कल्पना तीच. ब्लॉकची व्याख्या फाईलमध्ये एकदाच साठवली जाते आणि जिथे जिथे तो दिसतो तिथे फक्त जागा, स्केल आणि कोन यांची नोंद असते. म्हणून २०० दारं टाकली तरी फाईल फुगत नाही.

पण ही गोष्ट एकाच फाईलपुरती खरी. दोन फाईली आल्या की चित्र बदलतं. तुम्ही डब्ल्यूब्लॉक करून दाराची वेगळी डीडब्ल्यूजी फाईल केली आणि ती इन्सर्टने पाच प्लॅनमध्ये घातली, तर त्या दाराची व्याख्या पाच वेळा कॉपी झाली. मूळ फाईलशी संबंध त्याच क्षणी तुटला. उद्या मूळ फाईलमधलं दार ९०० मिमीचं १००० मिमी केलं तरी पाचही प्लॅन आपले ९०० वरच बसून राहतील. एक्सरेफचं याच्या उलट. ही सोय ऑटोकॅडमध्ये १९९० च्या रिलीज ११ मध्ये आली. यात दुसऱ्या फाईलचा फक्त पत्ता ठेवला जातो आणि तुम्ही ड्रॉईंग उघडता तेव्हा ती फाईल ताजी वाचली जाते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प आहे आणि त्यामुळे नदीकाठच्या गावांचं पुनर्वसन करावं लागतं. तिथल्या कार्यालयांत ड्रॉईंग कशी होतात हा आपला विषय नाही, पण अशा एखाद्या नव्या गावठाणाचा आराखडा आपल्याला प्रोजेक्ट म्हणून मिळाला असं समजा. चौघांचा ग्रुप. एकाकडे रस्ते आणि प्लॉट, दुसऱ्याकडे पाणीपुरवठा, तिसऱ्याकडे विजेचे खांब, चौथ्याकडे नाल्या. पहिल्याने ले-आऊट तयार केला आणि पेन ड्राईव्हवर सगळ्यांना दिला. प्रत्येकाने त्याच प्रतीवर आपापलं काम सुरू केलं. आठवड्याने गाईड म्हणाले, मुख्य रस्ता ६ मीटरचा नको, ९ चा करा. पहिल्याने केला. प्लॉट सरकले. पण पाणीवाल्याच्या प्रतीत रस्ता अजून जुनाच आहे, त्यामुळे त्याची पाईपलाईन आता कोणाच्या तरी प्लॉटमधून चालली आहे! कॉलेजात याचे फार तर चार मार्क जातील. साईटवर मात्र चर खणायला लोक आले की मग कळतं, आणि ज्या माणसाने एकदा घर सोडलंय त्याच्या नव्या घराच्या अंगणातूनच पाईप निघतो.

तिघांनीही ले-आऊट एक्सरेफ म्हणून जोडला असता तर पहिल्याने फाईल सेव्ह करताच बाकीच्यांना खाली कोपऱ्यात सूचना आली असती. रीलोड केलं की नवा रस्ता समोर. अर्थात पाईप स्वतःहून सरकत नाही, तो आपल्यालाच सरकवावा लागतो. पण चूक त्याच दिवशी डोळ्यांना दिसते.

मग सगळंच एक्सरेफ करावं का? नाही. व्हॉल्व्हसारखी छोटी खूण एक्सरेफ केली तर तिच्या प्रत्येक जागी वेगळी माहिती भरता येत नाही. ब्लॉकला ॲट्रिब्यूट देता येतात. हा व्हॉल्व्ह १०० मिमीचा, तो १५० चा, असं प्रत्येकाच्या पोटात लिहून ठेवता येतं आणि डेटा एक्स्ट्रॅक्शनने त्याची यादी काढून थेट एस्टिमेटला लावता येते. शिवाय शंभर खुणांच्या शंभर फाईली सांभाळणार कोण? माझं मत विचाराल तर मोठा आणि सारखा बदलणारा पाया एक्सरेफ करावा, बारक्या खुणा ब्लॉक ठेवाव्यात, आणि त्या सगळ्या खुणांची एकच लायब्ररी फाईल असावी. त्या फाईलवर लिहिण्याचा हक्क ग्रुपमधल्या एकालाच द्या, बाकीच्यांना रीड-ओन्ली. भांडणं वाचतात.

लायब्ररीतली खूण बदलली तर ती जुन्या ड्रॉईंगपर्यंत आपल्याला पोचवावी लागते. खुणेची वेगळी डीडब्ल्यूजी असेल तर कमांड लाईनवर इन्सर्टच्या आधी उणे चिन्ह टाकून कमांड द्या. नाव विचारलं की ब्लॉकचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि नव्या फाईलचा पत्ता लिहा. री-डिफाईन करू का विचारलं की हो म्हणा आणि इन्सर्शन पॉईंट मागितला की एस्केप दाबा. त्या ड्रॉईंगमधल्या त्या नावाच्या सगळ्या खुणा एका झटक्यात बदलतात. ॲट्रिब्यूट वाढवले असतील तर पुढे ॲटसिंकही करावं लागतं. कोणी मधेच एखादी खूण एक्सप्लोड केली असेल तर ती मात्र गेली, तिच्या नुसत्या रेघा उरल्या. ती बदलत नाही आणि मोजणीतही येत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते नाव. तुमच्या ड्रॉईंगमध्ये 'दार' नावाचा ब्लॉक आधीच असेल आणि मित्राच्या फाईलमधून वेगळ्या मापाचं पण त्याच नावाचं दार तुम्ही कॉपी-पेस्ट केलं, तर ऑटोकॅड मित्राचं दार घेतच नाही. तुमचंच जुनं दार तिथे ठेवतं. कमांड लाईनवर डुप्लिकेट व्याख्या सोडून दिल्याची एक ओळ येते, पण ती ओळ वाचतो कोण? उलट एकाच खुणेला चौघांनी चार नावं दिली की यादीत चार वेगळ्या वस्तू उगवतात. नावं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठरवा.

दुसरी डोकेदुखी एककाची. सर्व्हेची फाईल मीटरमध्ये, घराचा प्लॅन मिलिमीटरमध्ये. दोन्हींत इन्सयुनिट्स नीट दिलेलं नसेल तर घर गावापेक्षा मोठं येतं. आणि खुणा लेयर झिरोवर, रंग बायलेयर ठेवून काढा, म्हणजे ज्या लेयरवर ठेवाल तिथला रंग त्या घेतात.

एक्सरेफ जोडताना अटॅच की ओव्हरले असं विचारलं जातं. पाणीवाल्याने ले-आऊट अटॅच केला आणि नालीवाल्याने पाणीवाल्याची फाईल जोडली, तर तिच्यासोबत ले-आऊटही आपोआप येतो. नालीवाल्याकडे तो आधीच आहे, म्हणजे आता दोनदा. ओव्हरले केलेली फाईल अशी पुढे पाझरत नाही. ग्रुपच्या कामात ओव्हरलेच बरा.

आता पत्त्याचं. घरच्या कॉम्प्युटरवर फाईल डी ड्राईव्हच्या कुठल्याशा फोल्डरात असते आणि एक्सरेफला तो पूर्ण पत्ता दिलेला असतो. प्लॉटिंगच्या दुकानात फक्त मुख्य ड्रॉईंग नेलं की रस्ते-प्लॉट गायब, त्या जागी फाईलच्या नावाची नुसती एक ओळ. म्हणून रिलेटिव्ह पाथ वापरा. ऑटोकॅड २०१८ पासून तोच डिफॉल्ट आहे, पण लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर स्वतः निवडावा लागतो. बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिट करा, एक्सरेफ, फॉन्ट सगळं एका गठ्ठ्यात बांधून मिळतं.

शेवटच्या सबमिशनला बाइंड करून एकच फाईल करता येते. बाइंडमध्येही दोन प्रकार. 'बाइंड' निवडलं तर लेयरच्या नावात मूळ फाईलचं नाव डॉलर-शून्य-डॉलरसकट चिकटून राहतं. 'इन्सर्ट' निवडलं तर सारख्या नावाचे लेयर एकमेकांत मिसळतात. दोन्हींत दुवा कायमचा तुटतो, म्हणून बाइंड नेहमी प्रतीवर करा, तिच्या नावात तारीख टाका, आणि जोडलेल्या मूळ फाईली व्हायव्हा होईपर्यंत जशाच्या तशा राहू द्या.