विश्लेषण : नस तीच, दुखापत तीच… मग टक्के वेगळे का? अमेरिकेत माजी सैनिकांच्या हाताचे अपंगत्व असे मोजतात

कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते. दोन मिनिटांत आपण विसरतो. पण सैन्यात मान, खांदा किंवा मनगट दुखावलेल्या अनेकांची ही झिणझिणी जातच नाही. शर्टाचे बटण लागत नाही, कप हातातून सुटतो. अमेरिकेत अशा माजी सैनिकांना दरमहा करमुक्त भरपाई मिळते. ती किती, हे टक्क्यांवर ठरते.

टक्के कोण ठरवते?

माजी सैनिकांचे खाते, म्हणजे ‘व्हीए’. आधी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : सेवेतील इजा किंवा आजार, आजचे निदान आणि या दोन्हींना जोडणारे वैद्यकीय मत. मग तपासणी होते. पकड, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायू वाळलेत का, हे पाहिले जाते. काही वेळा नसेतील विद्युतवहनाची चाचणीही होते. मात्र टक्के डॉक्टर देत नाहीत. त्यांचा अहवाल वाचून खात्याचा अधिकारी देतो.

कोणत्या नसेला किती?

अंगठा व शेजारच्या बोटांची मीडियन नस पूर्ण निकामी झाली तर ७० टक्के. मनगट वर उचलणाऱ्या रेडियल नसेलाही ७०. करंगळीकडच्या अल्नर नसेला (कोपरावर आपटते ती हीच) ६०. हे आकडे लिहित्या हाताचे. तीच इजा दुसऱ्या हाताला असेल तर प्रत्येकी १० टक्के कमी. दोन्ही हात सारखेच चालणाऱ्यांचे काय? त्यांचा जो हात जास्त जखमी, तो मुख्य धरतात.

खरा वाद कुठे होतो?

नस पूर्ण निकामी होणे तसे विरळ. बहुतेक दावे अर्धवट इजेचे असतात आणि तिथे ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ अशा पायऱ्या आहेत. लिहित्या हाताच्या मीडियन नसेला अनुक्रमे १०, ३० आणि ५० टक्के. गंमत म्हणजे तक्त्यात या शब्दांची व्याख्याच नाही! फक्त बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर दर्जा सौम्य किंवा फार तर मध्यम, एवढे मात्र नियम सांगतो. म्हणून ‘हात दुखतो’ एवढेच सांगणाऱ्याचे नुकसान होऊ शकते. पकड किती कमी झाली, कोणते काम थांबले, हे कागदावर यावे लागते. आणि फरक मोठा आहे. ३० टक्क्यांपासून पत्नी व मुलांसाठी जादा रक्कम मिळते, १० किंवा २० टक्क्यांना ती नाही.

३० आणि २० मिळून ४४?

समजा, दोन्ही हातांच्या मीडियन नसांना मध्यम इजा आहे. लिहिता हात ३०, दुसरा २०. बेरीज ५० नाही. आधी ३० वजा करून माणूस ७० टक्के सक्षम धरतात. त्या ७० चे २० टक्के म्हणजे १४. एकूण ४४. दोन्ही हात बाधित असल्याने या ४४ चे १० टक्के, म्हणजे ४.४, वर मिळतात. झाले ४८.४. हा आकडा जवळच्या दहाकात नेला की ५०. अधिकारी ही शेवटची भर विसरला तर ४४ चे ४० होतात. निर्णयपत्रात ही ओळ आधी शोधावी ती याचसाठी.

निर्णय पटला नाही तर?

वर्षभरात तीन वाटा खुल्या असतात : नवा पुरावा जोडून पुन्हा दावा, वरिष्ठाकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ. फेरतपासणीत नवा कागद चालत नाही. मात्र खात्याने करवलेल्या तपासणीचा वैद्यकीय अहवालच अपुरा असेल तर वरिष्ठ अधिकारी ती चूक धरून दावा दुरुस्तीसाठी परत पाठवू शकतो.

भारतात काय?

आपल्याकडे टक्के वैद्यकीय मंडळ नोंदवते आणि निवृत्तीनंतर अपंगत्वाचा लाभ मिळण्यासाठी साधारण किमान २० टक्के लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वरच्या टप्प्यात नेण्याचा लाभ मान्य केला : ५० पेक्षा कमी असेल तर ५०, पुढे ७५, मग १००. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडील माजी सैनिकांनी जुन्या सहकाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी स्वतःची निवृत्तीची तारीख पाहावी.